तीन छोट्या शिट्ट्या

॥ श्री ॥

पोझनान, १२ जून १९७७

ती. रा. काका यांस,
मुकुंदचा सा. न. वि. वि.

तुमचं २० मेचं पत्र परवा पोचलं. नागपुरात पारा सेहेचाळीसवर गेला आणि काकूने तुम्हाला दुपारचं बाहेर पडायला बंदी घातली, हे वाचून मला फार आनंद झाला. लहानपणी हीच बंदी तुम्ही माझ्यावर घालत होतात. मी मात्र इथे पोलंडमध्ये इंजिनिअरिंगचे धडे घेत जूनमध्ये स्वेटर घालून बसलो आहे. काकूने दिलेल्या सांडग्या मिरच्यांपैकी एक माझ्या खोलीत राहणाऱ्या पोलिश मित्राने कच्चीच खाल्ली आणि दीड तास माझ्याशी बोलला नाही. उरलेल्या कुलपात ठेवल्या आहेत.

आता मुख्य बातमी. काका, मला इथे आपली छोटी लाईन सापडली!

इथून दोन-अडीच तासांवर झ्निन नावाचं गाव आहे. तिथे दोन फुटी रूळ आहेत, म्हणजे आपल्या नागपूरच्या अडीच फुटीपेक्षाही सहा इंच कमी. जर्मनांचं राज्य असताना, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी, शेतातलं बीट साखर कारखान्यात न्यायला ती टाकली. या देशात अशा लाईनींचं जाळंच होतं. कुठे जंगलातलं लाकूड, कुठे कोळसा. काही तर पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत दारूगोळा न्यायला सैन्याने अंथरल्या आणि लढाई संपल्यावर त्यांच्यावरून बाजारहाट करणाऱ्या बाया जाऊ लागल्या. आता ट्रक आले आणि एकेक लाईन बंद पडते आहे. पण या झ्निनवाल्यांनी गंमत केली. पाच वर्षांपूर्वी त्यांनी जवळच्या खेड्यात म्हातारी इंजिनं मांडून उघड्यावर संग्रहालय केलं आणि गेल्या वर्षीपासून त्याच रुळांवर हौशी लोकांसाठी गाडी सोडली. लोक तिकीट काढून, कुठेही जायचं नसताना तिच्यात बसतात. तुम्ही ऐकाल तर कपाळावर हात माराल.

गाडीवर वोझ्नियाक नावाचे निवृत्त गार्ड हौसेने ड्यूटी करतात. मी गार्डाचा पुतण्या आहे कळल्यावर त्यांनी मला त्यांच्या डब्यात घेतलं आणि ब्रेकचं चाक फिरवू दिलं. गाडी इतकी हळू चालते की पोरं उतरून फुलं तोडतात आणि पळत येऊन पुन्हा चढतात. म्हणून वोझ्नियाकांनी डब्यात स्वतःच्या हाताने पाटी रंगवून लावली आहे, ‘गाडी चालू असताना फुलं तोडू नयेत.’ मी पोट धरून हसलो. तुमच्या डब्यात अशी पाटी होती का हो?

एक गोष्ट मात्र मनाला लागली. त्यांनी माझ्या वडिलांचं विचारलं. ड्रायव्हर होते, अपघातात गेले, असं सांगितलं. चूक कोणाची, असं त्यांनी विचारलं. रेल्वेवाले हे विचारतातच. मी नेहमीप्रमाणे मान खाली घालून सांगितलं, की वडिलांचीच. उतारावर गार्डाला ब्रेक लावायची शिट्टी द्यायला ते विसरले. यावर म्हाताऱ्याने ब्रेकच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाला, की उतारावर ड्रायव्हरचा हात शिट्टीकडे आपोआप जातो, ती विसरलेला ड्रायव्हर त्याने चाळीस वर्षांत पाहिला नाही. मी विषय बदलला.

काकूला नमस्कार. तिला सांगा, मी वेळेवर जेवतो. आपला लोभ इथवर पोचतो आहे, तो असाच पोचत राहावा.

आपला,
मुकुंद


नंदनवन, नागपूर
९ जुलै १९७७

चि. मुकुंद यास,
काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, मिरच्या कुलपात ठेवल्यास हेही कळलं. मेल्या, वाटून खाव्यात. इकडे पाऊस सुरू झाला आणि डावी भिंत पुन्हा ओली झाली. घर बांधताना मी सांगितलं होतं, पण माझं ऐकतो कोण.

तू ह्यांना काय लिहिलंस ते मला कळव. मी पत्र वाचलं, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. फुलांच्या पाटीचं वाचून मी तर हसले. ह्यांनी मात्र पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि ताटावरून उठले. त्या दिवसापासून घरात बोलणं नाही. दुपारी पडतात, डोळा लागतो न लागतो तोच ताडकन उठतात आणि अंगणात जाऊन उभे राहतात. इतवारी स्टेशनाकडून गाडी आल्याचं ऐकू येतं तेव्हा उठतात असं म्हणावं, तर गाडी नसतानाही उठतात. मला विचारतात, तू ऐकलंस का? मी काही ऐकलेलं नसतं.

आणि हात. दोन्ही हातांनी हवेतच काहीतरी फिरवत राहतात. हे त्यांचं पूर्वीपासून आहे रे, झोपेत व्हायचं. मी समजत होते सांधे धरलेत म्हणून, तेल लावून द्यायची. आता जागेपणी चाललंय. काल भांडीवाली कांताबाई दारातच थबकली आणि मला म्हणाली, की बाई वं, बाबूजी आंगनात कायचं चाक फिरवून राहिले? मी तिला गप्प केलं आणि मागच्या दाराने आत घेतलं.

डॉक्टर रक्तदाब म्हणतात. मला ते पटत नाही. चोवीस वर्षांपूर्वी भावोजी गेले, त्या सालीही हे असेच उठायचे. तुला चार वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन बसायचे आणि मध्येच ठेवून अंगणात जायचे. मी घाबरले आहे, खोटं कशाला लिहू.

ताबडतोब उत्तर दे. अंगावर पांघरूण घेत जा. आमची आठवण ठेवतोस ते पुष्कळ आहे, पण पत्र जरा मोठं लिहीत जा.

तुझी,
काकू


नंदनवन, नागपूर
२१ जुलै १९७७

चि. मुकुंद यास,
वामनरावाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी सात वेळा सुरू केलं आणि सातही वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

तुझे वडील शिट्टी विसरले नव्हते. गिरिधरने शिट्टी दिली होती. तीन छोट्या, म्हणजे गार्डाने ब्रेक लावावा. मी ती ऐकली. मी माझ्या डब्यात नव्हतो.

ऑक्टोबर १९५३. मँगनीजची मालगाडी, नऊ भरलेले डबे, पुढे गिरिधरचं इंजिन, मागे माझा ब्रेकचा डबा. मधल्या डब्यांना ब्रेक नव्हते. सालईच्या चढावर गाडी माणसाच्या चालीने चढायची. आम्ही सगळेच गार्ड तिथे उतरायचो. दोन्ही बाजूंना सीताफळांची झाडं. खिसे भरायचे, गाडीबरोबर चालायचं आणि माथा यायच्या आत डब्यात चढायचं. नियमात बसत नव्हतं, पण वर्षानुवर्षं चाललं होतं. साहेब लोकांनीही आम्ही आणलेली सीताफळं खाल्ली आहेत.

तुला त्या आठवड्यात गोवर निघाला होता. तोंडाला चव नव्हती आणि तू सीताफळाचा हट्ट धरला होतास. खालच्या झाडांची लोकांनी नेली होती. जरा वर एका झाडाला डोळे उघडलेली चार-पाच दिसली. मी दहा पावलं वर गेलो. दहाच. रुमालात बांधली, वळून पाहिलं तर इंजिन माथा ओलांडून गेलं होतं आणि गाडी माझ्या देखत वेग घेत होती. मी धावलो. इंजिनाचा ब्रेक त्याच वेळी निकामी झाला, हे मला नंतर कळलं. मला फक्त शिट्टी ऐकू आली. तीन छोट्या. थोड्या वेळाने पुन्हा तीन. मग पुन्हा तीन. गिरिधरला वाटत होतं मी ब्रेकवर आहे आणि मला ऐकू जात नाही. मुकुंद, मी धावत होतो आणि तो रुमाल माझ्या हातात तसाच होता. तो टाकून द्यावा हेसुद्धा मला सुचलं नाही.

त्याने फायरमन नत्थूजीला बळेच खाली उडी मारायला लावली. स्वतः थांबला. खालच्या वळणावर इंजिन कोसळलं. मागचे डबे रुळांवरच राहिले. माझा डबाही धडधाकट होता, त्यातलं ब्रेकचं चाक मोकळं.

तो दवाखान्यात दोन दिवस होता. चौकशीचे साहेब आले तेव्हा मी त्याच्या पायथ्याशी उभा होतो. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, की शिट्टी द्यायची मी विसरलो, गार्ड त्याच्या जागेवर होता. साहेब गेल्यावर मला म्हणाला, की मुकुंदला आई नाही, आता बापही राहत नाही. तुझी नोकरी गेली तर त्याला कोण वाढवेल? नत्थूजीलाही त्याने शपथ घातली. त्यानेही तसंच सांगितलं आणि त्यानंतर आमच्या घरचं पाणी प्यायला तो कधी आला नाही.

तेव्हा मी गप्प बसलो ते तुझ्यासाठी, असं म्हणता येईल. पण तू मोठा झालास, नोकरीला लागलास, मी निवृत्त झालो, तरी गप्पच राहिलो. ते माझ्यासाठी. तू मला काका म्हणतोस ते थांबेल, याची मला भीती वाटत होती. तू मान खाली घालून बापाची चूक सांगतोस हे मला माहीत नव्हतं. तुझ्या पत्रात ते वाचलं आणि ताटावरून उठलो.

आता एकच विचारतो. उतार ऐंशी फुटांना एक फूट, लांबी पाऊण मैल. इंजिनाचा ब्रेक गेलेला. मी माझ्या जागी असतो तर एकट्या माझ्या ब्रेकने ती गाडी थांबली असती का? मला हे आजपर्यंत कळलेलं नाही. शिट्टी ऐकू येते तेव्हा मी हाच हिशेब करत असतो. तू यंत्रं शिकला आहेस. मला खरं काय ते सांग.

रागावलास तर तो राग माझ्या हक्काचा आहे. माया राहिली तर ती तुझी मेहेरबानी.

वामन


नंदनवन, नागपूर
२८ ऑगस्ट १९७७

चि. मुकुंद यास, आशीर्वाद.

पाच आठवडे झाले, तुझी ओळ नाही. ह्यांनी मलाही सगळं सांगितलं. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. मग बोलले. काय करू? चोवीस वर्षं ज्या हातांना तेल चोळलं, ते हात काय शोधत होते ते मला आता कळलं. घरात सीताफळ का येऊ देत नाहीत, एकदा मी आणलेली टोपली उकिरड्यावर का फेकली, तेही कळलं. मला सर्दीचं कारण सांगायचे.

हे रोज अकरा वाजता कोपऱ्यापर्यंत पोस्टमनला सामोरे जातात. पोस्टमन बिचारा लांबूनच मान हलवतो. काल त्याने मला वेगळं विचारलं, की काकाजी काहून असे वाळून राहिले? मी म्हटलं, पोराचं पत्र नाही.

तुझं दुःख मला दिसतं रे. भावोजींना लोक नाव ठेवायचे तेव्हा तू शाळेतून रडत यायचास, ते मीच पुसलंय. मी तुला काही शिकवत नाही. दोन शिव्या लिही, पण लिही.

वाट पाहणारी,
काकू


पोझनान, १० सप्टेंबर १९७७

ती. रा. काका यांस,
मुकुंदचा सा. न. वि. वि.

उशीर झाला. उत्तर लिहायला बसत होतो आणि उठत होतो. मी तुमच्यावर फार रागावलो होतो. अजून आहे. सीताफळांबद्दल नाही. ती माझ्याच हट्टाची होती आणि दहा पावलं कोणीही वर गेलं असतं. राग याचा, की मी चोवीस वर्षं बाबांची लाज बाळगली. कॉलेजात त्यांच्या नावापुढे मी रेल्वेत नोकरी एवढंच लिहायचो. त्यांचा एकुलता एक फोटो मी इथे येताना मुद्दाम आणला नाही. तुम्ही हे बघत होतात, निदान काही तरी दिसत असेलच. एक वाक्य पुरलं असतं.

गेल्या रविवारी झ्निनला गेलो. वोझ्नियाकांना सगळं सांगितलं. माझी पोलिश भाषा अर्धी, त्यामुळे पुष्कळसं हातवारे करून. त्यांनी मला त्यांच्या डब्यात बसवलं, दार लावलं आणि ब्रेकचं चाक पुरतं आवळायला लावलं. आवळल्यावर किती जोर येतो ते मोजून घेतलं. मोसम संपत आला, गाडीत दहा-बाराच माणसं होती. लांब शेतात बीट अजून जमिनीतच होतं. परतताना इंजिनाने फाटकापाशी शिट्टी दिली आणि माझा हात आपोआप चाकाकडे गेला. तेव्हा मी रडलो, काका. वोझ्नियाक बाहेर बघत राहिले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी तीनदा आकडेमोड केली. तुमच्या डब्याचं वजन, त्या काळच्या ब्रेकचा जोर, उतार, सगळं धरलं. सोळा भरलेले डबे आणि इंजिन त्या उतारावर आवरायला जेवढा जोर लागतो, त्याच्या फार तर दोन-तृतीयांश तुमच्या ब्रेकने मिळाला असता. गाडी थांबली नसती. तुम्ही डब्यात असतात तर बहुधा तुम्हीही गेला असतात आणि मला कोणीच उरलं नसतं. तेव्हा हा हिशेब आता बंद करा. दुपारी नीट झोपा.

बाबांचा फोटो टपालाने पाठवा. काकूला सांगा, शिव्या लिहायला घेतल्या होत्या, पण चांगल्याशा आठवल्या नाहीत.

लोभाचं म्हणाल तर तो मोजून देत नव्हतो, त्यामुळे कमी कसा करायचा ते मला येत नाही.

आपला,
मुकुंद


नंदनवन, नागपूर
१४ ऑक्टोबर १९७७

चि. मुकुंद यास,
वामनरावाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ३० तारखेला आलं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि तुझ्या काकूला वाचून दाखवलं. गाडी थांबली नसती, हे वाक्य तिने मला दोनदा वाचायला लावलं. मग तिने शिरा केला. त्या दुपारी मी तीन तास झोपलो. उठलो तेव्हा उन्हं उतरली होती आणि ती दाराशी बसून माश्या हाकत होती, मला जाग येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी पत्र पुन्हा काढलं. गार्डाचं अर्धं आयुष्य डबे मोजण्यात जातं. प्रत्येक स्टेशनावर उतरायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. सवय जात नाही. मी तुझ्या पत्रातले डबे मोजले. सोळा. मी तुला नऊ लिहिले होते. मला वाटलं माझंच चुकलं असेल, म्हणून फाडलेल्या कागदांतला एक तुकडा शोधून पाहिला. नऊच.

मग पेन्सिल घेऊन बसलो. यात काही मोठं गणित नाही. इंजिन दोन डब्यांएवढं धरलं तर तुझे अठरा, ब्रेक त्यांच्या दोन-तृतीयांशाला पुरतो, म्हणजे बारा डब्यांना पुरतो. आमचे इंजिन धरून अकरा होते. गाडी थांबली असती.

विद्यापीठात पहिला आलेला पोरगा नऊच्या जागी सोळा चुकून लिहीत नाही, आणि माझा डबा धडधाकट राहिला हे वाचूनही मी त्यात गेलो असतो असं लिहीत नाही. तू तीनदा आकडेमोड केलीस म्हणतोस. मला वाटतं पहिल्या खेपेलाच तुला उत्तर मिळालं आणि पुढच्या दोनदा तू ते बदलता येईल का पाहिलंस. तेही माझ्यावर रागावलेला असताना.

परवा सर्वपित्री झाली. तू इथे नाहीस, म्हणून गिरिधरचं मीच केलं. आदल्या दिवशी मी नत्थूजीच्या घरी गेलो. चोवीस वर्षांनी. तो दारातच बसला होता, आता त्याला कमी दिसतं. मी नाव सांगितलं तरी त्याने बस म्हटलं नाही. मी म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे, तू जेवायला ये. तेव्हा म्हणाला, की मले शपथ घालून गेला तो, तुमाले त कोनी घातली नव्हती ना, मंग इतके दिस काहून लावले? मी मान खाली घालून निघालो. पण तो आला.

पान वाढल्यावर, कोणी घास घ्यायच्या आत, मी उभा राहिलो. चुलत घराणं सगळं होतं, गांधीबागेतले नातलग होते, शेजारचे होते. मी सांगितलं, की गिरिधरने शिट्टी दिली होती. तीन वेळा दिली. गार्ड डब्यात नव्हता. गार्ड मी. आणि गार्ड डब्यात असता तर गाडी थांबली असती. दोघं-तिघं न जेवता उठून गेले. त्यांचं बरोबर आहे. नत्थूजीने मात्र पान चाचपडून पहिला घास घेतला आणि मोठ्याने म्हणाला, की गिरिधरबाबूसारखा डायवर या लाईनीवर पुन्ना झाला नाही. मग बाकीचे जेवले.

शिट्टी अजून येते. काल आली होती. मी उठलो नाही, पडूनच ऐकली. ती थांबावी अशी माझी इच्छाही नाही. त्याच्याकडून माझ्याजवळ तेवढंच आहे.

फोटो सोबत पाठवतो आहे. मागे त्याचं पूर्ण नाव आणि ड्रायव्हर असं मी लिहिलं आहे. तुझ्या त्या म्हाताऱ्या गार्डाला दाखव.

मुकुंद, चोवीस वर्षांपूर्वी तुझा बाप दवाखान्यात पडल्या पडल्या माझ्यासाठी खोटं बोलला. आता तू परदेशात बसून बोललास. तुम्ही दोघांनी मला वाचवलंत. पण त्याला मी खरं बोलायला लावू शकलो नाही, मला वेळ मिळाला नाही. तुला वेळ आहे. पुढच्या पत्रात डबे नऊ धरून उत्तर लिही आणि खाली सही कर. एवढं माझ्यासाठी कर. मग मी तुझ्या बापाच्या सगळ्या गोष्टी तुला लिहून पाठवीन. आजवर एकही सांगितली नाही, कारण कुठलीही सुरू केली तरी ती सालईच्या चढावरच जाऊन पोचायची.

राग ठेव, लोभही ठेव.

तुझा,
वामनकाका